हिरव्या साडीचा झेंडा

मित्रांनो, जयेशचं वागणं मला मुळीच आवडलेलं नाही. परवा त्याने माझा बोळा केला आणि गाडीच्या चाकांवरचा चिखल पुसला. त्याच्या आईने मला कधी जमिनीला टेकू दिलं नव्हतं.

मी एक जुनी इरकली साडी आहे. आता झेंडा म्हणा, फडकं म्हणा, ज्याची जशी नजर. हातमागावर विणली गेले तेव्हा हिरवं अंग, लाल काठ, लाल पदर असा माझा थाट होता. शोभनाबाईंनी मला लग्नकार्यांत मिरवलं. शाळेत त्या दोनच इयत्ता गेल्या, पण मी अंगावर असले की तहसीलदारालाही दबत नसत. मुलगा जयेश आयर्लंडला, ड्रोहेडात स्थिरावला, तशा त्या आल्या आणि त्यांच्या बॅगेतून मीही.

जयेशची मुलगी अक्षया इथेच वाढली. मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. हॉकीत मात्र अशी तयार झाली की आयर्लंडच्या महिला संघात तिची निवड झाली. आणि ऑलिम्पिकला कोण जाणार हे ठरवणारे सामने आयर्लंडमध्येच भरले. मग काय विचारता? दुकानात, दवाखान्यात, मराठी मंडळाच्या जेवणात एकच बोलणं, "घरचं मैदान आहे, हरतील कशा?" शेजारची इरावती तर सत्कारासाठी हॉलसुद्धा बघून आली. अक्षयाचं जेवण तुटलं होतं, ते शोभनाबाईंखेरीज कुणाला दिसलं नाही.

"आई, तुझी ती हिरवी साडी दे. टीमचा रंग आहे," जयेश म्हणाला. शोभनाबाईंनी मला अभिमानाने काढून दिलं. त्याने माझे लाल काठ कापले, पांढऱ्या रंगाने माझ्यावर लिहिलं, 'अक्षया जिंकणारच', आणि मी डब्लिनच्या मैदानावर फडकले. तेव्हा मला धन्य वाटलं होतं.

सामना बरोबरीत सुटला. शूटआउटमध्ये शेवटची पाळी अक्षयाची. सगळं मैदान तिचं नाव घेऊन ओरडत होतं. धावण्याआधी तिने वर माझ्याकडे पाहिलं. चेंडू गोलकीपरच्या पायाला लागून बाहेर गेला आणि ऑलिम्पिक हुकलं. जयेशने मला चटकन गुंडाळलं, जणू कुणाची चोरून आणली होती.

तेव्हापासून तो पोरीशी धड बोलला नाही. मी गॅरेजमध्ये पडले.

आज सराव पुन्हा सुरू होणार होता. अक्षया गेली नाही, तर तिची संघातली जागा जाणार होती. ती किटची पिशवी घेऊन गॅरेजच्या दारात आली.

"डॅड, विल यू ड्रॉप मी?"

जयेशने फोनमधून डोकं वर काढलं नाही. "कशाला? पुन्हा हसं करून घ्यायला?"

अक्षयाने पिशवी खाली ठेवली. तेवढ्यात शोभनाबाई चपला घालून बाहेर आल्या.

"उचल ती. मी येते बरोबर. बस कुठली ते विचारू कुणाला तरी."

"इट्स ग्रँड, आजी. लीव्ह इट." इथे 'असू दे, ठीक आहे' म्हणायलाही ग्रँडच म्हणतात.

"ग्रँडबिंड काही नाही. चल."

मित्रांनो, माझ्यावरचा चिखल धुतला की निघेल. पण आपली हौस कुणा पोरीच्या खांद्यावर टाकताना तिला ती पेलते का, एवढं तरी बघत जा. आणि ती हरून घरी आली, तर तिला आधी पोटभर जेवू घाला.

जयेश ओशाळला. "आई, थांब, मी सोडतो ना," म्हणत किल्ली शोधू लागला.

शोभनाबाईंनी नातीचा हात धरला आणि मागे वळून म्हणाल्या, "बघे तिथं ढिगानं होते, जयेश. बाप एकच होता, आणि तोही त्यांच्यातच जाऊन बसला."