भाऊंनी घातलेले तेल

मित्रांनो, मी एक जुनी काळी सायकल आहे. शेलार गावात भाऊंच्या ओटीवर उभी असते. भाऊ निजामपुऱ्यात लूमचे, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांचे, फिटर होते आणि त्यांना ड्युटीवर नेणे-आणणे हे माझे काम होते. माझे अंग भारी, ब्रेक लोखंडी दांड्यांचे, गिअर एकही नाही. पण मागे कॅरियर, खाली स्टँड आणि चाकांवर मडगार्ड आहेत. आजकालच्या सायकलींना यांतले काहीच नसते, हे मी मुद्दाम सांगते.

भाऊ मला नेमाने लूमचे तेल घालत. "सुका लोखंड लवकर मरतो," असे ते म्हणत. त्या तेलावरच मी एवढी वर्षे तगले.

गेल्या वर्षी त्यांच्या नातीने, क्षितिजाने, नवी सायकल आणली. ती डोंगरवाटांसाठीच घडवलेली. जाड टायर, पुढे स्प्रिंगा आणि डिस्क ब्रेक. म्हणजे चाकाला पोलादाची पातळ चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी आवळणारे पॅड. मी नाक मुरडले. पण खरे सांगते, चढावर ती क्षितिजाला बसल्या बसल्या वर नेई आणि मला मात्र भाऊ हाताने ढकलत. तरी दोघे रविवारी बरोबर निघत. क्षितिजाला अंबाडी गावाच्याही पुढे, मुक्काम करत लांब जायचे होते, त्याचा तो सराव. भाऊंना नातीची सोबत हवी होती.

एका शनिवारी मला तेल घालून भाऊ तिच्या सायकलकडे वळले. चेनला घातले. मग त्यांना चकत्या कोरड्या दिसल्या. त्यांनी मायेने त्यांनाही तेल चोळले. मला त्यात काही वावगे वाटले नाही. तेलाने कुणाचे वाईट झालेले मी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी गावामागच्या टेकडीवरून उतरताना क्षितिजाने ब्रेक दाबला. तो लागेना. सायकल सुसाट सुटली. तिने ती करवंदीच्या जाळीत घातली म्हणून निभावले. कोपर सोलले, गुडघा फुटला. भाऊ मला आडवी टाकून धावले. तिने चकतीवर बोट फिरवून पाहिले.

"आजोबा, हिला तेल कोणी लावलं?"

"मीच लावला, बाय. सुकी दिसली."

"ब्रेकला तेल नाही चालत. मग तो पकडतच नाही."

भाऊंनी तिला हात धरून उठवले. घरी येऊन त्यांनी तेलाची डबी माळ्यावर टाकली.

मेकॅनिकने नवे पॅड घातले आणि तिची सायकल बरी झाली. भाऊ मात्र तिला हात लावेनात, आणि मलाही. क्षितिजा एकटी जाऊ लागली. माझी चेन गंजली. त्याचे दुःख होतेच; पण भाऊ माझ्यासमोरून मान खाली घालून जात, त्याचे मला जास्त वाईट वाटे.

मग एका सकाळी क्षितिजाने माळ्यावरून डबी काढली. आपल्या दोन्ही चकत्यांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि डबी भाऊंपुढे धरली.

"चेन कोरडी झालीय, आजोबा. घाला तेल."

"नको गो. पुन्हा काय झाला तं?"

"कुठे घालायचं नाही ते मी सांगते. किती घालायचं ते तुम्ही सांगा."

भाऊंनी डबी घेतली. पहिला थेंब जमिनीवर पडला, दुसरा नेमका चेनच्या कडीवर. तिची चेन झाल्यावर ते माझ्याकडे वळले.

मित्रांनो, प्रत्येक सायकलची निगा वेगळी असते. ती विचारून करा. आणि चुकलेल्या माणसाने आपली डबी माळ्यावर टाकली, तर ती तुम्ही खाली काढा आणि त्याच्याच हातात द्या.