उरलेले पंधरा

हातात दोन एक्के आले की लोकांचा चेहरा फुलतो, माझा पडतो. आता काहीतरी करावं लागणार, हे मला कळतं. त्या सकाळी साडेआठला, अंगणातल्या कोवळ्या उन्हात, इस्पिक एक्का आणि बदाम एक्का माझ्याकडे आले आणि मी नेहमीसारखेच दोन चिंचोके पुढे सरकवले. सगळ्यांनी टाकले होते तेवढेच.

आमचं पोकर चिंचोक्यांवर चालतं. प्रत्येकाला दोन पानं झाकून, मध्ये पाच पानं टप्प्याटप्प्याने उघडायची आणि दर टप्प्याला चिंचोके लावायचे. शिकवणारे अप्पा, म्हणजे माझे सासरे ढुंढिराज. बत्तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून थकले नाहीत म्हणून आता आम्हाला शिकवतात. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आमचा बैठा बंगला आहे. समोरच्या बंगल्यातले शेखरकाका आणि कुसुमकाकू रोज सकाळी खेळायला येतात. खुब्याचं हाड मोडल्यापासून अप्पांना स्वतःहून उठता येत नाही. माझा नवरा आल्हाद कारखान्यात जाण्याआधी शेखरकाकांच्या मदतीने त्यांना खुर्चीसकट तीन पायऱ्या उतरवून अंगणात ठेवतो. दुपारी तो जेवायला आला की दोघं मिळून परत वर नेतात.

तर माझे एक्के. शेखरकाकांनी दोन चिंचोके टाकले, काकूंनी टाकले, अप्पांनी टाकले. मधेच काकू आणि अप्पा गळले. काका मात्र प्रत्येक पानाला "बघू तरी काय येतंय" म्हणत बसून राहिले आणि शेवटच्या पानाला दुर्री आली. काकांच्या हातात सत्ती आणि दुर्री होती, असली पानं कोणी हातात धरतसुद्धा नाही. मध्ये एक सत्ती आधीच पडलेली होती. त्यांच्या दोन जोड्या झाल्या आणि माझे एक्के गेले.

"नशीबच फुटकं माझं," मी म्हणाले.

"नशिबाला कशाला बोल लावतेस?" अप्पा तडकले. "एक्क्यांची जोडी एकासमोर शंभरात पंच्याऐंशी वेळा जिंकते, तिघांसमोर चौसष्ट. तू तिघांना आत घेतलंस, तेही फुकटात! पहिल्यालाच वीस चिंचोके लावले असतेस तर शेखर ही सत्ती-दुर्री घेऊन थांबला असता का?"

"नसतो थांबलो," काका चिंचोके ओंजळीत भरत म्हणाले.

"जबर लावायचं ते जास्त मिळावं म्हणून नाही, गर्दी कमी व्हावी म्हणून. जितके बघे बसतील तितक्या वाटांनी घात होतो."

"पण मग उरलेले पंधरा?" मी विचारलं.

"ते राहतातच. त्यांचं काही करता येत नाही."

खरी गोष्ट अशी की मला माणसांना हाकलता येत नाही. दारात आलेल्या विक्रेत्यालासुद्धा मी पाणी विचारते. अप्पा मला 'धर्मशाळा' म्हणतात आणि त्याचा मला राग येतो, कारण ते खरं आहे.

काका-काकू चहाला घरी गेले. मी पत्ते गोळा करायला लागले. डावीकडच्या रिकाम्या प्लॉटमध्ये काहीतरी खसफसलं आणि कंपाउंडच्या भिंतीवर धप्पकन आवाज झाला. आधी मला वाटलं, कुत्रं. मग ठिपके दिसले.

त्या थंडीत आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज बिबट्या येत होता, त्यातले निम्मे मांजरं असायचे. हा मांजर नव्हता. भिंतीवरून तो खाली उतरला, अप्पांच्या खुर्चीच्या मागून चार ढांगांत अंगण ओलांडलं आणि घराच्या उजवीकडच्या बोळात शिरला. त्या बोळाला पुढे वाट नाही. मागे पंपाची खोली आणि दोन पुरुष उंचीची भिंत.

माझ्या हातातले पत्ते अप्पांच्या मांडीवर पडले, तेही मला नंतर कळलं.

"गेला का आत?" अप्पांनी ओठ न हलवता विचारलं.

"हो."

"आवाज करू नकोस. त्याला थोडं निवू दे. आल्या वाटेने जाईल."

त्याची वाट म्हणजे आमची डावीकडची भिंत. तो उजवीकडे, आणि मध्ये आम्ही. अप्पांच्या खुर्चीपासून बोळाचं तोंड दहा फुटांवर होतं. मला एकटीला त्यांना उचलता येणार नव्हतं. घराचं दार उघडं होतं, मोजून आठ पावलं. खोटं कशाला बोलू, माझे पाय दाराकडे वळले होते. दोन पावलं गेलेही. मग अप्पांचा हात दिसला, खुर्चीची दांडी गच्च धरलेला, आणि मी परत आले. प्रेमाने आले की लाजेने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि तेवढ्यात दूधवाला दत्तू फाटकाबाहेरून ओरडला, "बिबट्या! ओ, बिबट्या घुसला! म्या पाह्यला!"

पाच मिनिटांत गल्ली भरली. एवढी माणसं आमच्या लग्नालाही नव्हती. फाटकाला माणसं चिकटली, मोबाइल वर झाले, पण अप्पांना उचलायला आत कोणी येईना. डावीकडच्या भिंतीवर सहा जण चढून पाय सोडून बसले, म्हणजे त्याची परतीची वाटच बुजली. कोणी म्हणे, "लय मोठा हाय." कोणी म्हणे, "नाय, पिल्लू हाय." मी वनखात्याला फोन लावला. पथक दुसऱ्या ठिकाणी होतं, पाऊण तास लागेल म्हणाले.

बोळातून गुरगुर आली. ती कानाला नाही, पोटाला ऐकू येते.

मी भिंतीकडे बघून हात जोडले. "दादा, जरा मागे होता का? प्लीज. इथे पेशंट आहेत."

"हो ताई, एक व्हिडिओ," एक जण म्हणाला.

भिंतीवरून कोणीतरी दगड भिरकावला. तो बोळात पत्र्यावर वाजला आणि बिबट्या बाहेर आला. पूर्ण नाही. डोकं, खांदे, एक पंजा उन्हात. त्याने भिंतीकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, मग अप्पांकडे. लोकांनी एका आवाजात 'ओऽऽ' केलं. तो फिस्कारून परत आत गेला. पुढच्या वेळी तो एवढ्यावर थांबणार नव्हता, हे मला स्वच्छ कळलं. भीतीने माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"किती जण आहेत?" अप्पांनी विचारलं. हालचाल नको म्हणून ते मान वळवत नव्हते.

"पन्नास तरी."

"फार झाले," ते म्हणाले. आवाज कापत होता, पण मास्तरांचाच होता. "फुकटात बसलेत गं, योगिनी."

तुळशीजवळ नळ होता आणि नळाला झाडांचा पाइप लावलेला होता. मी नळ पूर्ण सोडला. गच्चीवरच्या टाकीत रात्रभर गारठलेलं पाणी. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला आणि पहिला फवारा भिंतीवरच्या सहा जणांच्या मोबाइलांवर मारला. दगड मारणारा पहिला पडला, प्लॉटच्या बाजूला. बाकीचे शिव्या देत उतरले. मला जन्मात कोणी इतक्या शिव्या दिल्या नव्हत्या. मग फाटकाकडे वळले. पाणी तोंडावर, छातीवर, बायकांवर, कोणाकोणाच्या ऑफिसच्या कपड्यांवर. "निघा! प्रत्येकाला भिजवीन! निघा इथून!" हा आवाज माझा आहे हे मला ओळखू येईना. माणसं पळाली, समोरच्या फाटकांत शिरली, दारं लागली. दत्तूची किटली आडवी झाली.

एकटे शेखरकाका उरले. फाटकाची दांडी धरून, मान उंचावून.

"काका, आत जा."

"अगं मी घरचाच. बघू तरी काय करतोय तो."

बारा वर्षं मी त्यांना वाकून नमस्कार करते. मी अंगठा दाबला आणि सरळ तोंडावर पाणी मारलं. चष्मा उडाला. काका चष्म्याशिवाय, ठेचकाळत, समोरच्या घरात गेले आणि काकूंनी दार लावून घेतलं.

मी नळ बारीक केला, पाइप तसाच हातात ठेवून अप्पांच्या खुर्चीमागे उभी राहिले. गल्ली गप्प झाली. पन्नास माणसं गेली होती आणि उरले होते ते शंभरातले पंधरा. ते पंधरा आता चार पायांवर बोळातून बाहेर येत होते.

तो सावकाश आला. पोट जमिनीला लागेल इतका वाकून. अप्पांच्या पायांपासून चार हातांवर थांबला. मला त्याच्या मिशा दिसत होत्या, त्याच्या अंगाचा वास येत होता. हा आत्ता झेपावला तर मी काहीही करू शकणार नव्हते. पाणी नाही, ओरडणं नाही, काहीच नाही. मी अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि देवाचं एक नाव आठवत नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तोंड फिरवलं, डावीकडे तीन झेपा घेतल्या, भिंतीवर चढला आणि पलीकडे गेला.

समोरची दारं उघडली. "गेला, गेला!" म्हणत लोक परत फाटकाकडे धावले, मोबाइल पुन्हा वर झाले.

अप्पा पत्त्यांचा जोड दोन्ही हातांनी मांडीवर दाबून बसले होते. त्याखाली पांढऱ्या लेंग्यावर डाग पसरत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला शिकवणारा तो माणूस मी असा कधी पाहिला नव्हता.

लोक फाटकाशी पोचायच्या आत मी नळ पुन्हा सोडला आणि पाइप अप्पांवर धरला. डोक्यापासून पायांपर्यंत.

"अगं, त्यांना का भिजवतेस!" शेखरकाका ओरडले.

"पाइप सुटला हो काका," मी म्हणाले आणि मग तो स्वतःवर धरला, कमरेखाली. मलाही गरज होती.

अप्पांचे दात वाजत होते. त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं आणि सोडलं नाही. आम्ही दोघं कुडकुडत होतो, काका फाटकात कुडकुडत होते, सगळी गल्ली ओली होती, आणि कोण कशाने ओलं आहे हे आता कोणी विचारणार नव्हतं.