आज बर्फ पंधरा इंच

मार्लिसने ब्लॉग सुरू केला तेव्हा वर्लिन, म्हणजे तिचा थोरला भाऊ, खो खो हसला होता. आमिषाच्या दुकानाबद्दल रोज उठून लिहिण्यासारखं आहे तरी काय? किडे ते किडेच, आणि गळाला लावायचे बारके मासे ते मासेच. वर म्हणाला, "रोज मरे त्याला कोण रडे!"

आता मार्लिस काही हौशी बाई नव्हे. मिनियापोलिसात जाहिरातीच्या धंद्यात तिचे केस पिकले होते. नोकरी सुटली तशी ती तळ्याकाठी परत आली आणि भावाच्या दुकानामागच्या खोलीत राहिली. थोडकं लिहायचं पण नेमाने लिहायचं, खंड पडू द्यायचा नाही, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. गिऱ्हाईक वाढलं तर उत्तमच, पण खरं सांगायचं तर तिला हवं होतं ते दुसरंच. वर्लिनने एकदा तरी वाचावं आणि हेही काम आहे असं म्हणावं. त्याने कधी साधी विचारपूससुद्धा केली नाही.

तिने लिहिलं भरपूर. वॉलाय मासा संध्याकाळीच का खातो, दोरीची गाठ ओली करून का ओढावी, असलं खुमासदार. वाचायला चार टाळकी. पुढे तळं गोठलं, लोक बर्फाला भोकं पाडून मासे धरायला लागले. मग एका पहाटे काहीच सुचेना, तेव्हा तिने नुसतं खरडलं: "आज ओढ्याच्या तोंडाशी बर्फ पंधरा इंच." आणि काय आश्चर्य, सगळा गाव ते वाचून मोकळा झाला. पलीकडच्या काउंटीतले लोकसुद्धा.

तिने तेच धरलं. रोज एक ओळ, रोज बर्फ. महिनाभर आकडा काही हलेना, तेव्हा रविवारी बसून आठवड्याच्या साऱ्या ओळी लिहून ठेवायच्या आणि रोज पहाटे त्या आपोआप लागतील अशी वेळ लावून द्यायची, असं तिने सुरू केलं. जाहिरातीच्या धंद्यात सगळेच असं करतात. त्यात तिला काही वावगं वाटलं नाही.

पण एक कोडं तिला स्वस्थ बसू देईना. या एका ओळीत लोकांना एवढं सापडतं तरी काय? जो आमिष घ्यायला येईल त्याला ती विचारायची. कुणी नुसतं हसायचं, कुणी म्हणायचं सवय लागली. त्या गुरुवारी डेनिस क्वाम आला. डेअरीवाला, तोंडाचा फटकळ. त्याने मात्र सरळ सांगून टाकलं.

"अगं, तुझ्यामुळे वाचतो त्रास. पूर्वी दर चार पावलांवर गिरमिटाने भोक पाडून बर्फ किती जाड ते बघायला लागायचं. आता गिरमिट गाडीतच असतं. तू मोजतेसच की."

दोन दिवस दक्षिणेचा ऊबदार वारा सुटला होता, छपरावरून पाणी ठिबकत होतं. आणि आजची ओळ रविवारची होती. तिने डेनिसला बर्फावर जाऊ नकोस म्हणून बजावलं, भिंतीवरचं गिरमिट उचललं आणि ओढा तळ्याला मिळतो तिकडे धावली.

काठाजवळ तिने भोक पाडलं. चार फेऱ्यांतच गिरमिट धाडकन खाली गेलं आणि पाणी उसळून वर आलं. ओढ्याच्या वाढत्या पाण्याने खालून खाल्लेला बर्फ जेमतेम चार बोटं. तिने मान वर केली, तर तळ्याच्या मध्यातून स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरून धावणारी गाडी, येताना दिसली. मागे बर्फावर बसून मासे धरायची, भाड्याने द्यायची खोपटी बांधलेली, आणि चालवणारा वर्लिन. सरळ तिच्याच दिशेने येत होता.

ती किंचाळली, गिरमिट डोक्यावर धरून नाचवलं. नशिबाने त्याने पाहिलं. तिच्यापासून बराच लांब थांबून त्याने यंत्र बंद केलं.

"काय झालं बोंबलायला?"

"गिरमिट कुठाय तुझं?"

"दुकानात. सकाळी पंधरा लिहिलंयस ना तू?"

अख्खा हिवाळा ती ज्या वाक्यासाठी झुरली होती ते असं कानावर आलं.

"तू वाचतोस?"

"रोज वाचतो. न वाचता निघत नाही."

चाळीस वर्षं या माणसाने अख्ख्या गावाला शिकवलं होतं, की बर्फाबाबतीत सख्ख्या बापाचंही ऐकू नये, स्वतः भोक पाडून मोजावं.

"ते मी रविवारी लिहिलं होतं, वर्लिन," ती म्हणाली. मग त्याला नीट ऐकू जावं म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाली.

तो पायाखाली बघत राहिला. मग खोपटी तिथेच सोडून, आल्या खुणांवरून हळूहळू मागे फिरला आणि लांबच्या वाटेने घरी आला. रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. उरलेल्या ओळी तिने लगेच पुसून टाकल्या आणि काय घडलं ते ब्लॉगवर लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती स्वतः बर्फावर गेली, जागोजागी भोकं पाडली, मोजलं, आणि मोजलं तेच लिहिलं. वर्लिनने तिच्यासमोरच फोन उघडून ती ओळ वाचली.

"चांगलं काम केलंस," तो म्हणाला. मनापासून म्हणाला. आणि भिंतीवरचं गिरमिट काढून, खांद्यावर टाकून, बाहेर पडला.