मुलगी दिली म्हणा

दौलत साळव्याच्या घरात चार माणसं एका जागी बसली आणि भांडण झालं नाही, असा दिवस अजून उगवायचा होता. आणि नेमकं तेच घर आज शारजात, दर्शनाच्या होणाऱ्या सासूच्या अल मजाजमधल्या चौदाव्या मजल्यावरच्या घरात, भल्या मोठ्या टीव्हीवर दिसणार होतं.

दर्शना ही दौलतची थोरली. अबुधाबीकडच्या रुवैसच्या रिफायनरीत केमिस्ट. लग्न ठरत होतं ते तिथल्याच इंजिनियर निनादशी. त्याच्या आईची, सुनेत्राकाकूंची, अट एकच. "हुंडा नको, मानपान नको. तुझ्या वडिलांनी तोंडाने 'मुलगी दिली' म्हणावं. एवढं झालं की साखरपुडा."

एवढं! काकू पुण्याच्या. गुहागरच्या त्या घरात कुणी कुणाला काय दिलं होतं, हे त्यांना काय माहीत? बाप गवंडी, मजुरी हातात पडली की पाय गुत्त्याकडे. आई वर्षातून दोनदा भांडून माहेरी, चुलीवरचा भात तसाच टाकून. धाकट्या सुजीतने तर हिची बारावीची पुस्तकं रद्दीत घालून क्रिकेटची बॅट आणली. दर्शनाने काजूच्या कारखान्यात बिया सोलल्या, बोटांची सालं निघाली, पण पुस्तकं पुन्हा आणली. बीएस्सी केलं, एमेस्सी केलं. कुणाच्या बापाची मदत घेतली नाही. स्वतःच्या तर नाहीच नाही.

"यल्ला, चला, लावूया," म्हणत निनादने तिचा मोबाईल टीव्हीला जोडला आणि बोटिमवर व्हिडिओ कॉल लावला.

पडद्यावर घर आलं. पत्र्याचं छप्पर, प्लॅस्टिकची एकच खुर्ची, आणि त्या खुर्चीवरून जुंपलेली.

"मुलीची आई मी. मीच बसणार!" कावेरी ओरडली.

"मोबाईल माझाय. ऊठ गं आई!" सुजीत.

कावेरीने त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की मोबाईल कलंडला. काकूंना मिनिटभर नुसते वासे दिसले. शिव्या मात्र अगदी स्पष्ट ऐकू येत होत्या.

काकू भल्या. हळूच म्हणाल्या, "नेटवर्क खराब दिसतंय गं. बंद कर हवं तर. मी समजून घेईन."

किती सोपं होतं! एक बटण दाबलं की खलास. दर्शनाचा अंगठा तिथवर गेलासुद्धा. मग तिला स्वतःचाच संताप आला.

"नेटवर्क छान आहे, काकू. माझं घरच असं आहे. मी ह्यातूनच वर आलेय, आणि मला त्याची काडीची लाज नाही."

काकूंनी तिच्याकडे नीट बघितलं. मग पडद्याकडे वळून विचारलं, "दौलतराव, मुलगी दिलीत ना?"

दौलत पुढे आला. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. "दोन दिवस थेंब घेतला नाही, ताई. आज शुद्धीत बोलायचं होतं." तो अडखळला. "दिली कसं म्हणू? द्यायला ती आमची होती कधी? आम्ही जन्म दिला नि भांडत बसलो. ती वाढली आपली आपण. ती तिची आहे. तिलाच विचारा."

खुर्चीसाठी आता कुणी भांडेना. कावेरीने पदर तोंडाला लावला. आयुष्यात पहिल्यांदा दर्शनाला बापाचा अभिमान वाटला.

"खरं बोलले ते," काकू म्हणाल्या. "सांग बाई, तूच सांग."

"मला कुणी द्यायला नको, काकू. मी येतेय, माझ्या पायांनी. आता निनादचं त्याला विचारा."

"त्यात विचारायचं काय!" म्हणत निनादने पेढ्यांचा डबा उघडला. काकूंना हसू आवरेना.

तिकडे गुहागरला पुन्हा पेटलं.

"बघितलंत? कुणाची मुलगी आहे!" कावेरी गरजली. "माझी!"

"तुझी? जीभ तुझी असेल. डोकं माझंय!" दौलत.

"शाळेत मी सोडायचो तिला!" सुजीत.

"थापाड्या! चार वर्षांनी लहान तू!" म्हणत कावेरी त्याच्यावर धावली आणि खुर्ची धाडकन आडवी झाली.

जन्मात पहिल्यांदा ते घर तिच्यावर हक्क सांगायला भांडत होतं. दर्शनाने रिमोट उचलला आणि आवाज वाढवला.