नारळ फुटला, दूध अडलं

मित्रांनो, जरा हळू बोलतो, दमलोय. सांगलीच्या विश्रामबागेतल्या दूध संघाच्या कचेरीत जिन्याखालच्या फळीवर एक करडा, धुळीने माखलेला डबा दिसतो ना, तो मी. मी एक जुना राउटर आहे. एका गावच्या संगणकाचा निरोप दुसऱ्या गावच्या संगणकाला बिनचूक पोचवणारा वाटाड्या. पोस्टमनला निदान सायकल असते, रविवारची सुट्टी असते. मला दोन्ही नव्हतं.

माझा जन्म साता समुद्रांपलीकडचा. बोटीने मुंबईला आलो, तिथून ट्रकने सांगलीला. खंबाटकी घाटात ट्रक बंद पडला तेव्हा मीच खाली उतरून ढकलला. हसू नका, तो ड्रायव्हर इथे असता तर त्याने साक्ष दिली असती.

माझं काम मात्र थापेचं नव्हतं. एका अंगाला रहिमतपूर, दुसऱ्या अंगाला कवठे महांकाळ. दोन्हीकडे संघाची चिलिंग सेंटरं, म्हणजे दूध गार करून ठेवायची ठिकाणं. संध्याकाळचं दूध गोळा झालं की तिथला माणूस लिटरचा आकडा संगणकात घालायचा. तो आकडा माझ्या पोटातून कचेरीच्या पडद्यावर यायचा आणि तो बघूनच टँकर निघायचा. पडद्यावर आकडा नाही तर टँकर नाही, फोनवर सांगितलेला आकडा संघ धरत नसे. सुरुवातीला पाहुणे मला बघायला यायचे. पुढे कौतुक आटलं. कुणी माझ्या डोक्यावर चहाची कपबशी ठेवायचं, कुणी ओला रुमाल वाळत घालायचं. माझा पंखा दम्याच्या म्हाताऱ्यासारखा घरघरायचा. एका चारुशीलाबाईंना तेवढी ती घरघर ऐकू यायची. संघातले संगणक आणि मी, असा सगळा गोतावळा त्यांच्या गळ्यात होता. त्या मूळच्या वाईच्या, बोलायला कमी.

एकोणीसशे नव्व्याण्णवचा उन्हाळा. सगळीकडे एकच हाकाटी, दोन हजार साल उजाडलं की जुनी यंत्रं खुळी होणार. माझ्या डोक्यातलं सॉफ्टवेअरही जुनं. ते बदलायचं ठरलं. मॅनेजर वीरधवलसाहेबांनी बाईंना बजावलं, "बाई, कवठ्याचा जनरेटर मोडलाय, वीज रात्री जाते. टँकर वेळेत गेला नाही तर सगळं दूध नासेल. तसं झालं तर हा डबा भंगारात, अन् तुमी परत टायपिंगला."

बाईंनी तयारी मात्र अशी केली, जणू लेकीचं लग्न आहे. नवं सॉफ्टवेअर माझ्या पोटात मावतंय का ते आधी मोजलं. मावत नव्हतं, म्हणून पुण्याच्या कंपनीकडून मेमरीची जादा पट्टी मागवली. माझं जुनं सॉफ्टवेअर आणि सगळ्या सूचना दुसऱ्या संगणकावर उतरवून ठेवल्या. पट्टी घेऊन आलेला कंपनीचा सुमंत हसत म्हणाला, "ताई, नवं आल्यावर जुनं कशाला जपायचं?"

"नवी सून आली म्हणून सासूला कुणी घराबाहेर काढतं का?" बाई म्हणाल्या.

सकाळचं दूध उरकलं आणि संध्याकाळचं यायचं होतं, त्या मधल्या दुपारी मुहूर्त धरला. साहेबांनी माझ्यापुढे नारळ फोडला, मला हळदकुंकू लावलं. नारळाचं पाणी माझ्या भोकांत जाता जाता राहिलं. मग मला बंद केलं, चालू केलं आणि नवं डोकं घेऊन मी जागा झालो. मित्रांनो, झोपेतून उठल्यावर आपण कुठल्या गावी आहोत तेच कळू नये, तसं झालं होतं.

पण दिवे हिरवे लागले. बाईंनी माझ्यामार्फत रहिमतपूरला हाक मारली, ओ आली. कवठ्याला मारली, तिथूनही आली. मग त्यांनी फोन उचलला. कवठ्याच्या सेंटरवर लालासाहेब होते.

"लालासाहेब, चालू आहे ना?"

"व्हय बाई, लय बेस! एकदम बेस चाललंय. काय काळजी करू नगा, लय बेस!"

साहेबांनी पेढ्यांचा पुडा उघडला. सुमंतने पेढा तोंडात टाकून बॅग आवरायला घेतली. बाईंच्या हातातला पेढा मात्र हातातच राहिला.

"सुमंत, लालासाहेब एकदा 'बेस' म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता. तीनदा म्हणाले."

"ताई, दिवा हिरवा आहे, हाकेला ओ आहे, माणूस हो म्हणतोय. आणखी काय पाहिजे?"

"दूध पाहिजे," बाई म्हणाल्या आणि पुन्हा फोन फिरवला. "लालासाहेब, माझ्यासाठी एक लिटर दुधाचा आकडा घालून पाठवा बघू. खोटाच. मी इथे पडद्यापुढे बसलेय."

पलीकडे टकटक झाली. पडदा कोराच. मला वाटत होतं, आपण झकास काम करतोय! पण दुधाच्या आकड्याला वाट दाखवणारी माझ्यातली एक जुनी सूचना नव्या डोक्याला कळलीच नव्हती. हाक जायची, ओ यायची, आकडा मात्र वाटेतच गळायचा. रहिमतपूरचं यंत्र नव्या घडणीचं, म्हणून तिकडचं निभावलं होतं.

"लालासाहेब, तुमच्याकडे मघापासून बंदच आहे ना?"

"आता कसं सांगू बाई? तकडं नारळ फुटलाय म्हणं. नारळ फोडल्या दिशी त्वांडातनं बंद असं काढायचं नसतं. म्हनलं, सांजच्याला हुईल आपोआप."

फोनमागून सेंटरवर दूध घालणाऱ्या राहीबाईंचा आवाज आला, त्या डोक्यावर कॅन घेऊन आल्या असाव्यात. "आवं लालासाहेब, आज टँकर हाय का न्हाई? म्हशी काय नारळ बघून दूध देत न्हाईत!"

बाई उठल्या. "साहेब, जुनं सॉफ्टवेअर परत घालते."

साहेबांचा चेहरा उतरला. "अवो बाई, नारळ फोडलाय, चेअरमनला कळवलंय, पेढे वाटलेत. आता मागं फिरायचं म्हंजे अपशकून. लोक काय म्हनतील?"

"लोकांनी मला नावं ठेवावीत. दूध नासलं तर ते राहीबाईंचं नासेल."

सुमंतला चूक शोधायला वेळ हवा होता, पण दूध थांबत नाही. बाईंनी जपून ठेवलेलं माझं जुनं डोकं मला परत दिलं. हुश्श! मी आपल्या गावात जागा झालो. पण या खेपेला दिव्याकडे कुणी बघितलं नाही. आधी कवठ्याचं खोटं एक लिटर आलं, मग रहिमतपूरचं. संध्याकाळी खरा आकडा आला आणि टँकर फाटकातून बाहेर पडला. त्या रात्री कवठ्यातली वीज गेलीच. पण दूध तोवर सांगलीत पोचलं होतं.

पुढे कितीतरी दिवस कचेरीत कुजबुज चालली, "बाईंनी नारळ वाया घालवला." बाईंनी फक्त लालासाहेबांना फोन केला. "पुढच्या वेळी बंद असेल तर बंद म्हणायचं. पाप लागलं तर ते मला लागू दे."

सुमंतला चूक सापडली, ती सूचना नव्याने लिहिली, आणि पुन्हा एका दुपारी मला नवं डोकं बसवलं. पहिल्याच खोट्या लिटरला कवठ्याहून लालासाहेब ओरडले, "बंद हाय, बाई! लय बंद हाय!"

"शाब्बास," बाई म्हणाल्या. लालासाहेबांच्या बाजूची एक तार सैल निघाली. ती घट्ट केली आणि आकडा आला. मगच बाईंनी पेढा खाल्ला.

आता माझ्या जागी दुसरा, चकचकीत राउटर आहे. मी जिन्याखाली. तक्रार नाही, पाय मोकळे करायला मला पाय कुठे होते? एवढंच सांगणं, मित्रांनो. आमच्यासारख्या म्हाताऱ्या यंत्राला विचारा, माणसाला विचारा, पण "बरा आहेस ना?" एवढ्यावर थांबू नका. आम्ही हो म्हणतो, हिरवा दिवा लावतो, आणि आतून केव्हाच अडलेले असतो. जवळ बसा, एखादं लहानसं काम द्या, आणि ते पुरं होईतो उठू नका.