सूर धरणारी सनई आणि हुतूतूचा सामना

मी सनई बोलतेय. थांबा, लगेच माना डोलवू नका. अक्षता पडल्या की जी गोड गोड वाजू लागते, ती मी नव्हे. ती माझी बहीण. तिच्या शेजारी बसून जी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सूर धरून असते, ती मी. जाणकार मला 'सूर' म्हणतात. बाकीचे 'ती दुसरी' म्हणतात, आणि ते मला मुळीच आवडत नाही.

आम्ही दोघी एकाच शिसवी लाकडातून निघालो. बडोद्यातल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं दोघींना सारखीच भोकं पाडली, दोघींना सारखीच पितळी तोंडं बसवली. मला वाटलं, आता मीही गाणार. तेवढ्यात त्यानं मेणाचा गोळा घेतला आणि माझी भोकं एकामागून एक बुजवून टाकली. "झाली ही," म्हणाला. मला रडू आलं, पण तेही एकाच सुरात आलं.

सरदार जयसिंगरावांच्या हवेलीवर सनई-चौघडा होता, तिथं आम्ही दोघी गेलो. बहीण हेरंबबुवांच्या हाती पडली. बुवा वाजवायला लागले की डोळे मिटत, आणि मग शेजारी आग लागली तरी उघडत नसत. मी आले गोविंदाच्या हाती. हा अबोल, किडकिडीत माणूस. त्याचं काम एकच, बुवांच्या आधी सूर लावायचा आणि बुवा थांबेपर्यंत सोडायचा नाही. गाल फुगवून हवा साठवायची, नाकानं गुपचूप श्वास घ्यायचा, आणि आवाजाला कुठं चीरसुद्धा पडू द्यायची नाही. हे त्याला असं साधलं होतं की वाजवता वाजवता तो शिंकसुद्धा परतवून लावी.

समोरच्या हवेलीत सरदार प्रतापसिंहराव राहत. त्यांनी इंग्रजी बँड बाळगला होता. लाल कोट, चकचकीत बटणं, कॉर्नेट, क्लॅरिनेट आणि माणूस आत बसेल एवढा एक भोंगा. बँडमास्तर दत्ताजीराव पूर्वी फौजेत होते, त्यामुळे त्यांची माणसं पाणी प्यायलासुद्धा पाय जुळवून जात.

दोन्ही सरदार बालमित्र. एका तालमीत मातीत लोळलेले, आणि आता व्याही होऊ घातलेले. जयसिंगरावांचा उदयसिंह आणि प्रतापसिंहरावांची निरुपमा यांचं लग्न ठरलं होतं. देणंघेणं, मानपान सगळं दोन घटकांत मिटलं. अडलं फक्त एका गोष्टीवर. लग्नात वाजवायचं कुणी?

"तुमची सनई ऐकून माझ्या घोड्याला झोप येते," प्रतापसिंहराव म्हणत.

"तुमचा बँड ऐकून माझी म्हैस आटली," जयसिंगराव म्हणत. दोघं हसत, पानाचं तबक पुढं सरकवत आणि पुन्हा भांडत.

शेवटी एका दुपारी जयसिंगरावांनी मांडीवर थाप मारली. "हुतूतू! तुमचे वाजंत्री आणि माझे वाजंत्री. जो जिंकेल तो वाजवेल." वाजवण्याचा निकाल वाजवून लावावा, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

माझा जीव टांगणीला लागला तो पुढच्या बोलण्यानं. जयसिंगरावांनी नवी पायपेटी मागवली होती. ते कारभाऱ्याला म्हणाले, "हरलो तर निदान खर्च तरी वाचवू. पायपेटी सूर धरेल, त्या गोविंदाला घरी पाठवू. एका सुराला अख्खा माणूस कशाला?" गोविंद दाराशीच उभा होता. त्यानं ऐकलं, मला फडक्यात गुंडाळलं आणि घरची वाट धरली. सगळं ऐकून त्याची बायको दुर्गा म्हणाली, "अहो, तुम्हाला दुसरं काय येतं?" खरंच काही येत नव्हतं.

सामन्याला पंच हवा होता. गाणंबजावणं अजिबात न कळणारा माणूस शोधायचं ठरलं, म्हणजे तो कुणाच्या बाजूचा होणार नाही. खंडेराव मार्केटात बटाटे विकणारे मगनभाई सर्वानुमते निवडले गेले. नियमही ठरले. ओठ आणि बोटं वर्ज्य, कारण पोट त्यांच्यावर. त्यामुळे कॉर्नेटवाला तोंडाला उपरणं बांधून आला आणि नगारेवाला दोन्ही पंजे काखेत घालून उभा राहिला. धरायचं ते कोपरांनी, ढुंगणांनी आणि डोक्यांनी. आम्हा दोघी बहिणींना मैदानाच्या कडेला चटईवर ठेवलं होतं, म्हणून हे सारं मी पाहिलं.

पहिली चढाई बुवांची. 'हुतूतू' म्हणत गेले, तिसऱ्या 'तू'वर त्यांना एक सुंदर मुरकी सुचली, ती घ्यायला ते थांबले आणि मेले. मग दत्ताजीरावांचे गडी आले, पण एकेकटा जाईना, रांगेनंच जाऊ लागले.

"अरे भाई, एक माणस! वरघोडो नथी आ!" मगनभाई ओरडले. त्यांना ती वरातच वाटली.

आमच्या चौघडेवाल्यांची तर निराळीच तऱ्हा. बँडचा गडी हाताशी आला तरी धरीनात. मनातल्या मनात मात्रा मोजत आणि बरोबर समेवर झडप घालत. तोवर गडी परत जाऊन पाणी पीत असे.

होता होता आमचे सहा मेले, उरला एकटा गोविंद. समोर पाच लाल कोटवाले. यानं गडी मारून परत यावं, नाहीतर लग्न बँडचं आणि सूर पायपेटीचा. गोविंदानं एकदा माझ्याकडं पाहिलं, गाल फुगवले आणि रेघ ओलांडली.

"हुतूतूतूतू..."

क्लॅरिनेटवाल्याला त्याचं कोपर लागलं आणि पाचही जण त्याच्यावर पडले. भोंगेवाला सर्वांत वर बसला. आता दम तुटला की संपलं. पण दम तुटेना! ढिगाच्या तळातून माझा ओळखीचा षड्ज येत राहिला, अखंड, सरळ, कुठं कंप नाही.

"हा नाकानं श्वास घेतोय!" दत्ताजीराव गरजले.

मगनभाईंनी वाकून त्याचं तोंड पाहिलं. "नाकनो नियम नथी. मोढुं चालू छे ने? तो मर्यो नथी!"

पाव तास गेला. अर्धा तास गेला. मगनभाईंनी खुर्ची मागवली, मग चहा मागवला. दोन्ही सरदारांनी पत्ते काढले. ढिगारा 'हुतूतू' करतच राहिला.

आणि इथं बुवांना राहवेना. एवढा सुरेल षड्ज लागलाय आणि त्यावर कुणी काही वाजवत नाही, हे त्यांच्यानं बघवेना. मेलेल्या गड्यांतून उठले, माझ्या बहिणीला उचललं आणि डोळे मिटून मुलतानी राग सुरू केला.

"मेलेल्यानं वाजवायचं नाही!" दत्ताजीराव ओरडले.

"एवुं लख्युं नथी," मगनभाई चहा पीत म्हणाले.

काय वाजवलं हो बुवांनी त्या दिवशी! एरवी मी बहिणीचा हेवा करते, पण तेव्हा माझ्याही लाकडात काहीतरी हललं. ढिगाऱ्यातले लाल कोटवाले झाले तरी वाजवणारेच. आधी भोंगेवाल्याची मान हलू लागली. मग कॉर्नेटवाल्यानं उपरणं खाली ओढलं. बुवांनी एक लांब तान घेतली, फिरवून फिरवून समेवर आणून सोडली, आणि पाचही जणांचे हात एकदम वर गेले.

"वाहवा!"

गोविंद मोकळा! रेघ दोन हातांवर!

"गोविंदा, पळ!" जयसिंगराव पत्ते फेकून ओरडले. दुर्गाबाई कुंपणाशी उभ्या होत्या, त्याही ओरडल्या. चटईवरून मीही ओरडले असते, पण फुंकणारं कुणी नव्हतं.

गोविंद हलला नाही. मातीत पालथा पडून, गाल फुगवून, तो सूर धरून राहिला. बुवांचे डोळे मिटलेले, त्यांना पत्ताच नाही. मुलतानी आणखी पाव तास चालला. शेवटी बुवांनी सनई खाली घेतली, आणि त्याच क्षणी गोविंदानं सूर सोडला. दम तुटला. रेघेच्या पलीकडं.

"हवे मर्यो," मगनभाई म्हणाले.

आम्ही हरलो.

जयसिंगराव लालबुंद होऊन आले. "अरे, मोकळा होतास ना? पळाला का नाहीस?"

गोविंदानं तोंडातली माती पुसली. "बुवांचं चालू होतं, सरकार."

जयसिंगराव हवेलीकडे वळले. दुसऱ्या दिवशी पायपेटी व्याह्यांना भेट म्हणून गेली.

लग्नात शर्तीप्रमाणे बँडच वाजला. पण वरात निघण्याआधी दत्ताजीराव स्वतः गोविंदाकडे आले आणि टाचा जुळवून म्हणाले, "असा एक माणूस आमच्यात नाही. चला." त्यामुळे बडोद्यानं त्या दिवशी जी वरात पाहिली, तशी कुठं झाली नसेल. पुढं दहा लाल कोट, मागं दहा लाल कोट, मधोमध धोतरातला गोविंद आणि मी. ते लोक दर चार पावलांनी सूर बदलत. आम्ही बदलला नाही. चार रस्ते ओलांडेपर्यंत सगळा बँड मुकाट्यानं आमच्या षड्जावर आला. घोडाही झोपला नाही.

या गोष्टीला पंचवीस वर्षं होऊन गेली. गोविंदाचे दात गेले, गाल मात्र शाबूत आहेत. आज निरुपमाबाईंच्या लेकीचं लग्न आहे. सकाळी कुणीतरी ग्रामोफोन आणून ठेवला. तीन मिनिटांत त्याचा दम तुटला, मग तो हँडल फिरवून घेत बसला.

एकच मागणं आहे. बुवांचा शिष्य आनंद मोठ्या मायेनं मला न्याहाळत असतो. "हिचं मेण काढलं तर हीसुद्धा पुरी सनई होईल," म्हणतो. बाबा, नको काढूस. पूर्वी मलाही तेच हवं होतं. पण गाणारे खूप आहेत. दुसऱ्याचं चालू आहे म्हणून मातीत पडून राहणारं कुणीतरी लागतंच ना?

बरं, पुरे आता. बुवांनी माझ्या बहिणीला उचललंय, डोळेही मिटले. मला तिच्या आधी सुरू व्हायचंय.