पाणी आत राखणारी

मी बोलते आहे ती एका भिंतीतून. केरळातल्या बेपूर बंदराजवळच्या एका घराच्या दर्शनी खोलीत, जिथे पूर्वी देवांच्या तसबिरी आणि एक थांबलेले घड्याळ होते, तिथे आता मी आहे. आयनीच्या लाकडाच्या फळ्यांची, पुढून जाड काचेची आणि खाऱ्या पाण्याने भरलेली टाकी. माझ्यात प्रवाळ आहे, केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे आहेत, आणि पाहुणे येतात ते त्यांनाच पाहायला. माझे आयुष्य मात्र एका सांध्यावर तोलले गेले होते, आणि तो सांधा कोणाला दिसत नाही.

माझा कर्ता चोयिक्कुट्टी मेस्त्री. चालियार नदीच्या काठी त्याने उभा जन्म उरू बांधण्यात घालवला. उरू म्हणजे अरबांच्या मागणीवरून घडवलेले, गावातल्या कोणत्याही घरापेक्षा मोठे लाकडी गलबत. कुंभार आपल्याच मडक्यातले पाणी पितो, सुतार आपल्याच खाटेवर निजतो. उरू बांधणाऱ्याला हे सुख नाही. त्याची कृती पूर्ण झाली की समुद्रापार जाते आणि पुन्हा किनाऱ्याला लागत नाही. मेस्त्रीने बांधलेल्या एकाही उरूत पाणी शिरल्याचे कोणी ऐकले नव्हते, आणि त्यांतल्या एकीवरही त्याने दुसऱ्यांदा पाऊल ठेवले नव्हते.

गुडघ्याने दगा दिला आणि त्याचे गोदीवर जाणे थांबले. त्या सुमारास मुलगी प्रजिषा रजेवर आली. ती कोचीला समुद्री माशांची पैदास करण्याचे काम करते. तिने बापाला भिंतीत बसवलेल्या एका टाकीचे चित्र दाखवले. मेस्त्रीने ते बराच वेळ न्याहाळले आणि एवढेच विचारले, की फळी किती जाड लागेल.

अडचण जागेची होती. काच दर्शनी खोलीत यायची तर माझे धड भिंतीमागच्या कोठीत जाणार, आणि कोठी होती मेस्त्रीच्या बायकोची, कल्याणीची. तांदूळ, नारळ आणि कैरीच्या लोणच्याने भरलेल्या भरण्यांच्या, म्हणजे मातीच्या बरण्यांच्या, रांगा हे तिचे राज्य होते.

"लोकांच्या घरी मासा चुलीवर जातो," ती म्हणाली, "आमच्याकडे तो भिंतीत राहायला येणार."

तरीही तिने भरण्या हलवल्या. अट मात्र घातली. "एक थेंब जरी जमिनीवर पडला, तर भिंत बुजवायची आणि माझ्या भरण्या जागच्या जागी. आणि पुन्हा समुद्राचं नाव काढायचं नाही."

मेस्त्री हसला. पाण्याशी त्याचे भांडण जुने होते आणि तो त्यात कधी हरला नव्हता.

माझा आराखडा कागदावर आलाच नाही. उरूचाही येत नाही. तो मेस्त्रीच्या डोक्यात असतो आणि तिथून थेट लाकडात उतरतो. प्रजिषाने बजावल्याप्रमाणे पाण्याला लागेल असा एकही खिळा त्याने मारला नाही, लाकडी खुंट्या ठोकल्या. आतून तिने सांगितलेला लेपही दिला, पण सून सांगते म्हणून सासऱ्याने औषध घ्यावे तसा, नावापुरता. त्याची खरी श्रद्धा तेलात भिजवलेल्या कापसावर होती. फळ्यांच्या फटींत त्याने तो बाहेरून इतका ठासला, की बोट दाबले तर बोटच दुखावे. काचही त्याने जहाजाच्या खिडकीला बसवतात तशी बाहेरून खाच पाडून बसवली.

मला अंगणातून कोठीत नेण्यासाठी खलाशी आले. ह्या किनाऱ्यावर जे जे जड आहे ते तेच हलवतात. दोरखंड, लाकडी रूळ आणि गाणे ही त्यांची अवजारे, आणि तिसऱ्या अवजारावाचून पहिली दोन चालत नाहीत. गाण्याचा प्रश्न मुखियाने टाकायचा, उत्तराच्या ठोक्यावर सर्वांनी ओढायचे. ठोका ठरलेला असतो, शब्द मात्र त्या त्या ओझ्याचे असतात. त्यामुळे ज्याचे ओझे त्याची थट्टा, हा ह्या गीतांचा अलिखित नियम. त्या दिवशी मुखिया आलिक्कोयाने विचारले, "मेस्तिरीला झालंय काय?" आणि दोरावरच्या सगळ्यांनी ओढत उत्तर दिले, "घरात समुद्र हवाय हो!" "एच्ची आता झोपेल कुठं?" "माशांच्या बाजूला हो!" कल्याणी दारात उभी होती. एच्ची म्हणजे थोरली बहीण. ह्या नात्याने तिला हसण्याची मोकळीक होती, पण ती हसली नाही. तिचे लक्ष जमिनीकडे होते.

चाचणी विहिरीच्या पाण्याने झाली. मी अर्धी भरले तोवर सर्व ठीक होते. मग पाणी वर चढू लागले तशी माझ्या आत एक विलक्षण रेटारेटी सुरू झाली. सगळे पाणी बाहेर जायला निघाले होते. काचेच्या खालच्या कडेतून कापसाची एक वात जीभ दाखवावी तशी बाहेर आली, तिच्या टोकाशी एक थेंब फुगला, आणि साऱ्या घरासमक्ष जमिनीवर पडला. त्यामागून दुसरा. मग मोजण्यासारखे काही उरले नाही.

आलिक्कोया म्हणाला, "मेस्तिरी, तुमच्या उरूत पाणी शिरत नाही, हे ठाऊक होतं. बाहेर पडतं, हे आज कळलं."

थट्टाच होती. पण ज्या हातांवर सारे बंदर विश्वास ठेवत आले, ते हात मेस्त्रीने कमरेच्या मुंडूला, त्या पांढऱ्या लुंगीला, पुसले आणि तो उठून परसात गेला. जेवायलाही आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला रिकामी करत होता. अट ती अट. विटा कुठून आणायच्या, एवढेच त्याने ठरवायचे होते. कल्याणी पहिली भरणी घेऊन कोठीत आली. सर्वात जुनी, तिच्या आईकडून आलेली. ती तिने जागेवर ठेवली नाही. नवऱ्यासमोर आणून टेकवली.

"हात घाला आत."

त्याने घातला.

"कशी लागते?"

"गुळगुळीत."

"आणि बाहेरून?"

बाहेरून ती नुसती भाजलेली माती होती, खरखरीत.

"लोणचं आत असतं, म्हणून झिलई आत," ती म्हणाली. "कोया काल काय बोलला ते ऐकलंत ना? जन्मभर तुमचा समुद्र बाहेर होता. आता तो आत यायचाय. मग तुम्ही बाहेर बसून काय ठोकताय?"

मेस्त्री भरणीत हात तसाच ठेवून बसला. नाव पाण्याला बाहेर ठेवते. समुद्र फळी दाबतो आणि दाबता दाबता कापूसही आत घट्ट करत जातो. माझ्यात दाब उलटा होता, आणि त्याचा प्रत्येक ठोका पाण्यालाच वाट काढून देत होता. इतके सरळ होते ते. पण हाताला लागलेली सवय डोक्याला विचारत नाही.

"ही भरणी आज इथंच राहू दे," तो म्हणाला.

कल्याणी ती तिथेच ठेवून गेली. मुदतवाढीची याचना आणि मंजुरी, दोन्ही एवढ्यात आटोपले.

मग मेस्त्री माझ्या आत उतरला. दुखरा गुडघा लांब करून तळाशी बसला आणि आयुष्यात प्रथमच आतून बाहेर काम करू लागला. बाहेरचा कापूस उपटला, प्रत्येक सांधा आतून भरला, लेप थरावर थर दिला. काचेची खाच आतल्या बाजूला नव्याने पाडली, म्हणजे पाणी जितका जोर करील तितकी काच चौकटीला बिलगेल. कल्याणी वरून चहा देई आणि "आहात का बुडालात?" असे विचारी.

उरू पाण्यात सोडण्याच्या विधीला इथल्या मल्याळम भाषेत 'नीट्टिलिरक्कल' म्हणतात, पाण्यात उतरवणे. खलाशी पुन्हा आले तेव्हा त्यांनी आधी माझी काच दोरांवर तोलून वरून आत सोडली. लेप सुकल्यावर चालियारचे मुख ओलांडून खोल समुद्राचे पाणी पिंपांतून आणले. सगळे विधी उरूचेच झाले. दिवा लागला, गूळ-खोबरे वाटले गेले, दोर ओढताना गायचे ते पिंपे ओतताना गायले गेले. फरक एवढाच, की इथे पाणीच माझ्यात उतरत होते.

कल्याणीने सांध्यांखाली केळीची पाने अंथरून त्यांवर तांदळाचे पीठ पसरले होते. थेंब पडला तर पीठ चुगली करणार. रात्र गेली. सकाळी सर्वांदेखत तिने पीठ चिमटीत धरून सोडले. ते कोरडेच भुरभुरले. पाने उचलून ती स्वयंपाकघरात गेली आणि त्याच पिठाच्या पत्तिरी, म्हणजे पातळ भाकऱ्या, भाजून तिने सगळ्या खलाश्यांना जेवू घातले. सोबत माशाची आमटी होती. माझ्यात तोवर एकही मासा नव्हता, म्हणून मी ते मनाला लावून घेतले नाही.

मासे यायला पुढे बरेच दिवस गेले. पाणी आधी तयार व्हावे लागते, असे प्रजिषाचे म्हणणे. शेजारी येऊन विचारत, पाणी बघायला बोलावलंत काय. कल्याणी एकटीच कधी घाई करत नसे. ती सांगे, "मुरू दे. लोणचं नाही का मुरत?"

आता माझ्यात जीव नांदतात. कल्याणीच्या भरण्या कोठीत परतल्या आहेत, माझ्या शेजारी, एका रांगेत. मेस्त्री रोज सकाळी काचेखालच्या लाकडावरून तळहात फिरवतो, तो कोरडा निघाला की चहा मागतो, आणि आपण घडवलेल्या वस्तूसमोर बसून पितो. तुम्ही कधी आलात तर काचेवर बोट वाजवू नका. आतल्यांना तो गडगडाट वाटतो. तळहात मात्र जरूर फिरवा.

एक सांगायचे राहिले. पाण्यात उतरलेल्या जलयानाला नाव द्यावे लागते, आणि उरूचे नाव नेहमी तिचा धनी ठेवतो. मेस्त्रीला तो मान कधी मिळाला नव्हता. पत्तिरी खाऊन झाल्यावर आलिक्कोयाने विचारले, "मग मेस्तिरी, हिचं नाव?" खलाश्यांना वाटले, कोण्या देवीचे किंवा मुलीचे असेल. मेस्त्रीने पटाशी घेतली आणि माझ्या चौकटीच्या माथ्यावर अक्षरे कोरली. खलाशी पोट धरून हसले. कल्याणी तेवढी हसली नाही. पदराने तिने अक्षरांतला भुसा पुसला, आणि मग मलाही माझे नाव वाचता आले.

भरणी.